मोठीआईचं अर्धं वाक्य

६ जानेवारी, सोमवार

आले बाई एकदाची! दोन बॅगा, एक वळकटी आणि बावन्न वर्षांचा हा देह, सगळं तिसऱ्या मजल्यावर चढवेपर्यंत जीव मेटाकुटीला आला. पण खोली पाहिली आणि शीण गेला. भरपूर उजेड, भिंतीला नवा रंग, नळाला पाणी, आणि मागे एक चिमुकली गॅलरी. मालकीणबाईंनी किल्ली देताना बजावून सांगितलं, की गॅलरीचा कठडा हलतो, गवंडी आज येतो उद्या येतो करतोय, तोवर दाराची कडी लावलेलीच असू द्या. मी म्हटलं, मी काय तिथे नाचायला जाणार आहे या वयात? त्या खळखळून हसल्या. बाई चांगल्या वाटतात.

सासूबाई मागच्या वर्षी गेल्या. कितीतरी वर्षं त्या अंथरुणाला खिळून होत्या, आणि त्यांच्याबरोबर मीही. काही कमी केलं नाही मी त्यांचं, पण दमले. हाडापर्यंत दमले. आता ही नोकरी, रेडिओवरची मालिका लिहायची. लेक तिच्या पिल्लाला, माझ्या नातवाला, थोपटत फोनवर म्हणाली, की आई, आता जरा स्वतःसाठी जग. ते नेमकं कसं करतात हे कुणी शिकवलं तर बरं होईल. आज तरी पाय पसरून झोपायचं, एवढं ठरवलंय.

८ जानेवारी, बुधवार

कचेरी म्हणजे दोन खोल्या आणि एक स्टुडिओ. साहेब सतत घाईत असतात. ध्वनिमुद्रण करणाऱ्या गृहस्थांना सगळे ‘कानसेन’ म्हणतात, कारण शेजारच्या खोलीत कुणी चहाला नाक मुरडलं तरी त्यांना ऐकू येतं म्हणे. स्टुडिओच्या मधोमध भिंतीशिवाय नुसतीच एक दाराची चौकट उभी आहे, तिला खरं दार आणि खरी लोखंडी कडी. मालिकेत जिथे दार वाजतं तिथे हेच वाजवतात. मी दोनदा कडी लावून-काढून पाहिली. कानसेन हसले नाहीत. म्हणाले, की खेळू नका तिच्याशी, तो मोठीआईचा आवाज आहे.

मोठीआई म्हणजे मालिकेतली सासू, येता-जाता दाराला कडी लावणारी. धाकटी ही तिची सून, श्रोत्यांचा जीव की प्राण. मी यायच्या आधीच्या भागांत धाकटीचं तान्हं... तान्हं कसलं, चांगलं दुडुदुडु धावणारं मूल गॅलरीतून पडून गेलं. कडी कुणी उघडी ठेवली हे काही सांगितलेलं नाही. आधीचे लेखक हा गुंता तसाच सोडून निघून गेले. आता लोक रोज फोन करून विचारतात, गुन्हेगार कोण? साहेबांनी मला सांगितलं, की एकदाचं कुणाच्या तरी गळ्यात बांधा आणि मोकळे व्हा.

मालिकेत गॅलरी, माझ्या खोलीतही गॅलरी. चला, निदान वर्णन तरी फुकटात होईल!

१४ जानेवारी, मंगळवार

ठरलं. दोष मोठीआईचा. कडी तिने उघडी ठेवली, पश्चात्तापाने झोपेच्या गोळ्या घेतल्या, गेली. धाकटीवर दोष टाकला तर लोक आम्हाला जिवंत सोडणार नाहीत. आणि खरं सांगू का, म्हातारं माणूस, खाट, औषधाच्या बाटल्या, रात्रीच्या हाका, हे मला आता कागदावरसुद्धा नको झालंय. लिहून टाकलं आणि खांदे हलके झाले.

इथला एक रिवाज आज कळला. पात्र मरतं तेव्हा त्याचं शेवटचं वाक्य लेखकाने लिहायचं नसतं. तिथे कोरी जागा सोडायची. ज्या नटाने ते पात्र इतकी वर्षं केलं, त्याने माइकसमोर जे येईल ते बोलायचं. फाशी जाणाऱ्यालाही विचारतात, मग आपण विचारायला नको का, असं कानसेन म्हणाले. मी म्हटलं, बरं बाई, सोडते जागा. एका वाक्याने काय आभाळ कोसळणार आहे.

२० जानेवारी, सोमवार

मोठीआई गेली. काम करणाऱ्या नटीबाई वयस्कर आहेत, मायाळू. कोऱ्या जागेपाशी आल्यावर त्या बराच वेळ डोळे मिटून बसल्या आणि मग बोलू लागल्या. मी तेव्हा बाहेर साहेबांशी फोनवर होते, त्यामुळे ऐकलं नाही.

नंतर कापाकापीला बसलो तर भाग लांबलेला. कुठेतरी कात्री लावणं भाग होतं. कानसेन म्हणाले, की आधी शेवटचं वाक्य पूर्ण ऐका तरी. माझं डोकं ठणकत होतं, घरी जाऊन पडायचं होतं. ‘मी त्या दिवशी कडी’ एवढं आलं आणि मी म्हटलं, इथेच कापा, पुढचं लोकांना कळतंच की. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कापलं. उरलेलं पुसून टाकायची इथे पद्धत आहे, म्हणजे टेप पुन्हा वापरता येते. तेही पुसलं.

२३ जानेवारी, गुरुवार

भाग गाजला. फोनवर फोन. मेली ते बरं झालं, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं एक आजोबा मला म्हणाले आणि वर हसले. एकीने तर पेढे वाटावेसे वाटले म्हणून सांगितलं. साहेब खूश. मीही खूश व्हायला हवं होतं, पण आज नुसती मरगळ आहे.

एक विचित्र फोन मात्र आला. मुलीचा आवाज होता. तिने विचारलं, की मोठीआई गेली ना, मग कालच्या भागात धाकटी रडत होती तेव्हा मागे कडी कोण लावत होतं?

२७ जानेवारी, सोमवार

आता असे फोन रोज येतात. आम्ही कालचा भाग लावून ऐकला. खरंच आहे. धाकटीच्या बोलण्याच्या मागे, हलकेच, कडी लावल्याचा आवाज. मग कुणीतरी दम खाल्ल्यासारखा श्वास. स्टुडिओतल्या चौकटीला त्या दिवशी कुणी हातही लावला नव्हता. साहेब म्हणाले, जुनी टेप नीट पुसली नसेल.

लेकीचा फोन. ती दोनतीनदा म्हणाली, आई, तुझा आवाज तुटतोय. मी म्हटलं लाइन खराब असेल.

३० जानेवारी, गुरुवार

लाइन खराब नाही. वाण्याकडे साबण मागितला, तो वाट पाहत राहिला. मालकीणबाईंशी गवंड्याचं बोलले, त्या म्हणाल्या, अहो वाक्य पुरं करा ना! मी पुरं केलं होतं. माझ्या कानांनी ऐकलं होतं मी. समोरच्याला अर्धंच पोचतं.

डॉक्टरांनी घसा पाहिला. काही नाही म्हणाले, विश्रांती घ्या. विश्रांती! मी तेवढ्यासाठीच तर आले होते या गावात.

१ फेब्रुवारी, शनिवार

आज मूल पडलं तो जुना भाग ऐकला. कानसेनांनी आवाज मोठा करून दिला. आधी मोठीआईच्या सपातांची फरपट, मग कडी लागते, स्पष्ट. सपाता आत जातात. मग कितीतरी वेळाने बादलीची कडी खुळखुळते, ओले कपडे पिळल्याचा आवाज, कुणीतरी गुणगुणतं, आणि दाराची कडी निघते. गुणगुणणारी धाकटी आहे.

म्हातारीने कडी लावली होती. मुलाच्या आईनेच उघडली, कपडे वाळत घालायला, आणि विसरली. हे सगळं टेपवर होतं. मी न ऐकताच निकाल दिला.

धावत नटीबाईंकडे गेले. लिहून विचारलं, की तुम्ही पुढे काय बोलला होता? त्या ओशाळल्या. म्हणाल्या, ते वाक्य माझं नसतं हो, खुर्चीतून उठले की आठवत नाही. एवढंच आठवतं, की बोलून झाल्यावर खूप हलकं वाटलं होतं.

म्हणजे ते वाक्य आता जगात कुठेच नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

साहेबांना चिठ्ठी दिली, एक भाग करू, मोठीआईला निर्दोष ठरवू. ते वैतागले. मेलेल्याला निर्दोष ठरवून कुणाचं पोट भरणार आहे, आणि धाकटीला खुनी करायचं का, असं म्हणाले. शेवटी कागदावरच्या बाईसाठी इतकं मनाला लावून घेऊ नका. तुम्ही दमलाय.

दमलेय हे खरंच.

घरी आले तर गॅलरीच्या दाराची कडी उघडी. सकाळी लावली होती. ओढून पाहिली होती.

५ फेब्रुवारी, बुधवार

लावते, आणि निघते. डोळ्यांदेखत नाही. पाठ फिरली की. मग तो श्वास — दमलेल्या माणसाचा. रागाचा नाही. रागाचा असता तर बरं झालं असतं. सासूबाई शेवटी शेवटी असाच श्वास घ्यायच्या, काही सांगायचं असलं की.

मोठ्याने म्हटलं, बोल बाई, मी ऐकते. काय हवंय तुला?

काही नाही. नुसती कडी.

लेकीचा फोन. तिला ओरडून सांगितलं, इथे येऊ नकोस, पिल्लाला आणू नकोस, ही खोली — ती म्हणाली, आई, मला काहीच कळत नाहीये, तुला बरं नाहीये, आम्ही येतो. पत्र टाकायला गेले. पत्र पोचायच्या आत ती निघालेली असेल.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आली. पिल्लाला घेऊन. त्याने मला पाहून दोन्ही हात पसरले आणि मी सगळं विसरले. दुधाचे दात दाखवत हसतो गुलाम! माझ्या नाकातली चमकी ओढून झाली, चष्मा ओढून झाला.

मग कडी आठवली.

दाराला नायलॉनची दोरी बांधली. गाठीवर गाठ. वर कागद चिकटवला — हे दार उघडायचं नाही, कठडा मोडका आहे. लेक हसली. म्हणाली, आई, तू आजीसारखीच झालीस. पण उघडणार नाही म्हणाली. शपथेवर. उद्याच दुसरी जागा बघू असंही म्हणाली.

कडी लावली. मीच लावली. लिहून ठेवते.

८ फेब्रुवारी, शनिवार

जागा मिळाली. परवा जायचं. फक्त परवापर्यंत.

पिल्लू दाराशी जाऊन दोरीशी खेळतं. दहादा उचलून आणलं. मी झोपत नाही. बसून राहते, पाठ दाराला लावून. पाठीला थंड लागतं — आणि पलीकडून कुणीतरी पाठ टेकल्यासारखं —

तीही राखण करतेय का? तीही लावतच असेल कडी. इतके दिवस. आणि मला वाटलं —

९ फेब्रुवारी

भर दुपार. ऊन. लेक म्हणाली तू पड जरा, मी आहे ना. पिल्लाचे कपडे धुऊन घेते म्हणाली. मी म्हटलं — काय म्हटलं ते पोचलं नाही. मी पिल्लाला कुशीत घेतलं. त्याचा घामट वास. डोळा लागला. किती वर्षांनी असा —

कडीच्या आवाजाने जाग आली.

कूस रिकामी.

१० फेब्रुवारी

आमचं पिल्लू गेलं.

खाली माणसं. मालकीणबाई रडतात आणि सगळ्यांना सांगतात, मी पहिल्या दिवशी बजावलं होतं यांना. वाणी म्हणतो, बाईंचं लक्षच नसायचं हल्ली. आमच्या मालिकेत होतं तसंच झालं, असं कुणीतरी म्हणालं — म्हातारीनेच —

११ फेब्रुवारी

पोलीस येऊन गेले. पुन्हा येणार आहेत. विचारतात, कडी कुणी उघडी ठेवली. मी बोलते, त्यांना अर्धंच — मग कागद दिला त्यांनी. लिहून द्या म्हणाले, तुमची बाजू.

लेक कोपऱ्यात बसलीय. कालपासून रडलीही नाही. माझ्याकडे बघत नाही. दोरी सोडलेली पडलीय, गाठी नखांनी उकरून. बादली अजून गॅलरीत आहे. दोन झबली वाळत आहेत. तिला कुणी काही विचारलेलं नाही. आईला कोण विचारतं?

खरं लिहिलं तर माझी लेक जगणार नाही. नाही लिहिलं तर —

आता कळलं. मोठीआई काय बोलली असेल. ‘लावली होती’ की ‘उघडी ठेवली’, दोन्हींपैकी काय ते नाही कळलं — पण बोलून हलकं वाटलं होतं तिला. तेवढं तिचं होतं. तेवढंच मी कापलं.

बाई गं, चुकले. ऐकायला हवं होतं मी. दमले होते.

मागे श्वास. इथे, खुर्चीच्या मागे. वाकून बघतेय, मी काय लिहिते ते. बघ. मी पूर्ण लिहिणार आहे. जिन्यावर बूट वाजतायत, ते यायच्या आत, एकच वाक्य, माझं, कुणी कापू नका —

मी त्या दिवशी कडी