तुमच्या टिनाच्या शेडची फाईल

बडेबाबू,

काल तुमचा पोरगा ऑफिसात आला होता. पाणीपट्टी भरून झाल्यावर माझ्या टेबलापुढं उभा राहिला आणि त्यानं हात जोडले. "मॅडम, बाबासाठी तुम्ही लय केलं जी. त्या शेडच्या परवानगीपायी तुम्ही किती धडपडल्या, मले मालूम हाय." मी म्हटलं, बसा, चहा घ्या. दुसरं काय म्हणणार? चहा पिता पिता तो सांगत होता, की शेवटच्या दिवसांत तुम्ही घरी सगळ्यांना धीर द्यायचे, म्हणायचे, "तितं खिडकीवर आपली पोरगी बसली हाय, ते काम करून देते." वा रे वा, बडेबाबू! जन्मभर माणसं ओळखतो म्हणून मिशीवर ताव दिला, आणि मलाच ओळखलं नाही.

पोरगी म्हणे! तुम्ही हेडक्लार्क, मी बारा वर्षं तुमच्या हाताखाली काढली, त्यात एकदा तरी माझं नाव घेतलं का? माझा बाप याच नगरपरिषदेत शिपाई होता. नोकरीत असतानाच गेला आणि त्याच्या जागी मला अनुकंपेवर घेतलं. पहिल्याच दिवशी तुम्ही चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "हे पाहा, आली आपली अनुकंपा." झालं, तेच नाव पडलं. अनुकंपा, पानी आन. अनुकंपा, रजिस्टर आन. लोक फिदीफिदी हसायचे. एकदा मी हिंमत करून म्हटलं, "माह्यं नाव हाय ना जी." तर अख्ख्या बांधकाम विभागासमोर तुम्ही जे बोलले ते मला तोंडपाठ आहे. "नाव कमवा लागते बाई. तुया बापानं मरून तुले खुर्ची देली, तू काय कमावलं?" मी नळावर जाऊन तोंड धुतलं आणि परत येऊन तुम्ही मागितलेलं रजिस्टर काढून दिलं.

त्याच उन्हाळ्यात एक बाई आली होती, कडेवर तान्हं पोर घेऊन. कापसाचा भाव असा पडला होता, की कोणी विकायला तयार नव्हतं, आणि ज्याच्या त्याच्या घरात कापूस भरलेला. त्या बाईच्या घरी तर एकच खोली. अर्ध्या खोलीत कापूस, अर्ध्यात माणसं. पोराच्या अंगभर पुरळ. आपल्याकडच्या माणसाला कापसाची खाज समजावून सांगावी लागत नाही. तिला घरामागं टिनाचं शेड टाकून कापूस तिकडं हलवायचा होता. तिच्या अर्जात तीन गोष्टी कमी होत्या, त्या तिन्ही मी एका चिठ्ठीवर लिहून दिल्या, म्हणजे बिचारीचा एकाच चकरेत निकाल लागेल. तुम्ही तिच्या हातातून चिठ्ठी घेतली, फाडली आणि गोड आवाजात म्हणाले, "बाई, सध्या तुमी कराची पावती तेवढी आना." ती गेली आणि तुम्ही माझ्याकडं वळले. "अक्कल हाय का नाही तुले? तिन्ही एका दिवशी सांगतल्या तं ते दोन दिवसात परवानगी घेऊन जाईन. मंग तुले कोन इचारन? एका वारी एकच त्रुटी सांगाची. मानूस चकरा मारते तवरिकच खुर्चीले मान हाय."

तुम्ही पैसा कधी खाल्ला नाही, हे मी कोणाच्याही पुढं शपथेवर सांगेन. तुम्हाला चकरा लागायच्या. दारात कोणी ताटकळत उभा दिसला, की तुम्हाला चहा गोड लागायचा. ती बाई पाच वेळा आली. पाचव्या वेळी तिच्या कडेवर पोर नव्हतं. घरी ठेवलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. विचारलं नाही. तुम्ही तर मान वर करूनही पाहिलं नाही.

पण खोटं कायले लिहू, शिकवलंही तुम्हीच. नकाशा कसा वाचायचा, शेजाऱ्याच्या भिंतीपासून किती जागा सोडायची, कुठल्या कागदावर कोणाची सही पाहिजे, सारं तुम्ही दुपारच्या सुट्टीत, डबा बाजूला सारून समजावलं. मी विभागीय परीक्षा पास झाली तेव्हा सगळ्यांना आलूबोंडे तुम्ही खाऊ घातले, आणि वरून ओरडले, "अनुकंपा पास झाली रे!" मला आनंद झाला होता. त्या नावानं का होईना, पण झाला होता. रिटायर झाले त्या दिवशी तुमच्या खुर्चीतली गादी, तुमच्या बायकोनं शिवलेली, तुम्ही मला दिली. "माह्या जागी तूच बसजो," म्हणाले. मी बसली. आणि तुम्ही शिकवलं तसंच काम करत राहिली, हेही लिहून टाकते.

मग ते वर्ष आलं. पुन्हा भाव पडला आणि बोरीकडच्या तुमच्या वावरातला सारा कापूस तुमच्या पोरानं तुमच्याच खोलीत भरला. छताला लागेल एवढा. तुमची खाट कोपऱ्यात, आणि तुम्हाला तर आधीच दमा. यवतमाळच्या डॉक्टरनं सांगितलं, एक तर कापूस बाहेर काढा, नाही तर म्हाताऱ्याला. पोरगा दुसऱ्याच दिवशी घरामागं टिनं ठोकायला तयार होता. तुम्हीच अडवलं. बिनपरवानगी शेड पाडायच्या नोटिसा सारी नोकरी लिहिल्या, आता माह्याच घरामागं बिनपरवानगी टिन लागन काय, म्हणून हटून बसले. दुसरा कोणी असता तर टिनं ठोकून मोकळा झाला असता. श्वास कोंडला तरी तुम्हाला परवानगी पाहिजे होती.

तुमची फाईल काय सांगू, नमुना होता नमुना. एक कागद इकडचा तिकडं नाही. तरी मी ती चाळली आणि म्हटलं, "पावतीची झेरॉक्स हाय. असल लागते." तुम्ही गेले आणि असल पावती घेऊन आले. दुसऱ्या चकरेत मी म्हटलं, शेजाऱ्याच्या नाहरकतीवर त्याच्या बायकोची सही नाही. तेव्हा तुम्ही माझ्याकडं रोखून पाहिलं. कळलं तुम्हाला. आणि हसले की! "शिकली वं तू," म्हणाले. तिसऱ्या वेळी मी आग विझवणाऱ्या विभागाचं पत्र मागितलं, कारण कापूस पेट घेतो. टिनाच्या शेडसाठी असलं पत्र कोणी कधी आणलं नव्हतं, हे तुमच्याएवढं कोणाला माहीत? तरी पोराच्या हाती पाठवून दिलं. मला मजा येत होती. बाईमाणसानं असं लिहू नये म्हणतात, पण आली मजा. तुम्ही बाकावर बसलेले दिसायचे आणि मी हळूहळू, मुद्दाम, दुसऱ्याचीच कागदं वाचत बसायची.

गुरुवारी तुम्ही चौथ्यांदा आले. समोरच्या चार पायऱ्या चढून आले तर पाच मिनिटं तोंडातून शब्द फुटेना. छातीचा आवाज माझ्या टेबलापर्यंत येत होता. शिपायानं पाणी दिलं. मग तुम्ही उठून खिडकीशी आले, गज धरला आणि म्हणाले, "मॅडम, झालं काय जी माह्यं काम?"

मॅडम. साऱ्या ऑफिसनं ऐकलं. नवीन आलेला इंजिनिअर मान वर करून पाहायला लागला. मी म्हटलं, "साहेब दौऱ्यावर हायेत. सोमवारी या." तुम्ही "हो जी" म्हणाले, आणि भिंतीला हात लावत लावत पायऱ्या उतरून गेले.

शनिवारी तुम्हाला यवतमाळला नेलं. रस्त्यातच गेले. मी मयतीला आली होती. खिडकीतून तुमची खोली दिसत होती, नुसता पांढरा ढीग. खाट बाहेर काढलेली. तेराव्याच्या आधी मी परवानगीचा कागद तुमच्या घरी नेऊन दिला आणि जावक रजिस्टरला तारीख टाकली सोमवारची, म्हणजे तुम्ही गेल्यावरची. पोरगा तो कागद छातीशी धरून रडला. तेव्हापासून तो मला देवमाणूस समजतो, आणि मी समजू देते.

हे पत्र आवकमध्ये चढणार नाही, की तुमच्या पोराच्या हाती लागणार नाही. मी स्वतःच ते फाडीन. पण फाडायच्या आधी एक लिहिते. गुरुवारी साहेब दौऱ्यावर नव्हते, आत बसले होते. तुमच्या परवानगीवर त्यांची सही त्याच आठवड्यात सोमवारी झाली होती. चार दिवसांपासून कागद माझ्या ड्रॉवरमध्ये होता, आणि तुम्ही गज धरून उभे होते तेव्हा तो ड्रॉवर टेबलाखाली माझ्या टोंगळ्याला, गुडघ्याला, लागत होता. हात घातला असता तर निघाला असता. द्यायचाच होता, बडेबाबू. फक्त तुम्ही अजून एकदा यावं आणि सगळ्यांसमोर अजून एकदा मॅडम म्हणावं, एवढंच मनात होतं.