मार्चपर्यंत कुलूप

६ जानेवारी, मंगळवार

चिडले आहे. लिहिल्याशिवाय जेवण जायचं नाही.

अडलेल्या बायकांसाठी चालवतो त्या आमच्या मदत खोलीत आज पंकजा आली. सव्वीस वर्षांची, पाथर्डीकडची, सुप्याला एका कंपनीत पॅकिंगला. डावा कान सुजलेला, त्या कानाने ऐकू येत नाही. नवरा कल्याण त्याच कंपनीत. सगळे म्हणतात, गरीब स्वभावाचा आहे. गरीब स्वभावाची माणसं बायकोचा मोबाईल दगडाने फोडतात का?

"दोन म्हयने कुठंबी ठिवा मला बाई. कोपऱ्यात पडून ऱ्हाईन."

बाई ठेवून घ्यायची आमची पद्धत नाही. नियम मीच केलाय — आधी माहेर. पंधरा दिवस आईच्या हातचं खायचं, मग तक्रार की समेट ते शांत डोक्याने ठरवायचं. तसं सांगितलं.

"आई गावात नसती ह्या दिसात."

"नसते म्हणजे? आहे ना जिवंत?"

"हाय."

"मग झालं! आज नाही तर उद्या येईल."

पिशवी जवळ ओढली. मी टेलिफोन एक्स्चेंजात एकतीस वर्षं काढली, माझ्यापुढे फारसं कोणी बोलत नाही. खोलीतली माझी जोडीदार मुक्ताबाई आज नव्हती, तिच्या खानावळीत बारशाची ऑर्डर. मग ओटी मीच भरली. आमच्या खोलीतून ओटी भरल्याशिवाय बाई जात नाही. माळीवाडा स्टँडवर जाऊन स्वतः एसटीत बसवलं. गोणीपाटाची पिशवी वर ठेवली — त्यावर काळ्या शाईने कुणाचा तरी मोबाईल नंबर, हा एवढा मोठा! आभार नाहीत, हात हलवणं नाही. पुढे बघत बसली.

९ जानेवारी

पंकजाची आठवण आली. आता आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली असेल. बरं वाटलं.

१३ जानेवारी, मंगळवार

खोलीत तिळगूळ वळत होतो. मुक्ताबाईला पंकजाचं सांगितलं, तर तिचा हात तिथेच थांबला.

"पाथर्डीची? आन माहेरी धाडली? अहो ताई, तिचे आई-बाप ऊसतोडीला असतील! दसरा झाला की घराला कुलूप, ते मार्चपर्यंत. तिकडच्या पोरींना थंडीत माहेर नसतं."

मी नगरात जन्मले, नगरात शिकले, नगरातच पेन्शन खाते. दर वर्षी भांडीकुंडी, कोंबड्या, पोरं भरलेले ट्रॅक्टर जाताना बघते. त्यांच्या मागे दाराला कुलूप लागतं, हे डोक्यात आलं नाही! शाळेत सिस्टर बेनेडिक्टाने छडी घेऊन इंग्लंडच्या नद्या पाठ करून घेतल्या होत्या. त्या अजून येतात.

मुक्ताबाईने ओळखी काढून पंकजाच्या माहेरच्या शेजाऱ्याला, बन्सीला, फोन लावला. माणूस खुशीत होता.

"आल्ती की! तीन दिस वट्यावर बसून व्हती. आमीच भाकर दिली, वाकळ दिली. मंग जावई पावन्यालाच फोन केला. लई भला मानूस! गाडी करून आला, समद्यांला पेढं दिलं आन घिऊन गेला."

मी तिकीट काढून दिलं, त्यांनी भाकरी दिली. सगळ्यांनीच मदत केली.

१८ जानेवारी, रविवार

मी आणि मुक्ताबाई सुप्याला जाऊन आलो. कल्याणने खुर्च्या पुसून दिल्या. "मावशी, चहा घ्या ना!" असा गोड, की कप त्याच्या डोक्यात घालावासा वाटला. पंकजाच्या मनगटाला फडकं. "पीठ मळताना मुरगाळलं," हेही त्यानेच सांगितलं.

तो पाणी आणायला गेला तेवढ्यात मी म्हटलं, माझ्या घराच्या वरच्या दोन्ही खोल्या रिकाम्या आहेत, आत्ता चल.

"तुमी सांगितलं तसं गेल्ते ना मी," एवढंच म्हणाली. रागाने नाही. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. मग हळूच — "मार्चला आई यील. तवा बघू."

खोल्या सहा तारखेलाही रिकाम्याच होत्या.

१९ जानेवारी

पोलिसांकडे गेले. "बाईनं सोता तक्रार द्यायला पाहिजे, म्याडम." मी तासभर भांडले. त्यांनी मला पाणी दिलं.

२० जानेवारी, मंगळवार

नियम खोडला. आजपासून येईल ती बाई माझ्याकडे राहील. वर गादी घातली, दाराला आतून कडी बसवून घेतली.

पंकजाच्या आईला, लंकाबाईला, कळवावं का, यावर बराच खल झाला. मुक्ताबाई म्हणाली, "हंगाम सोडून ती कशी यील? उगं घोर लागंल जिवाला." मलाही पटलं. तोवर दर रविवारी आपणच जाऊ.

२५ जानेवारी, रविवार

दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, देवाला गेलेत दोघं.

१ फेब्रुवारी, रविवार

गुडघा फार दुखतो. गेले नाही. पुढच्या रविवारी.

३ फेब्रुवारी, मंगळवार

पंकजा रविवारी गेली. टाकीवरून पडली, कल्याण म्हणतो. पोलिसांनी त्याला नेलंय — आता तक्रारीला बाई लागली नाही.

लंकाबाई आज खोलीत आली. निरोप मिळाला तशी कारखान्यावरून निघाली, मिळेल त्या गाडीने पाच तासांत पोचली होती. रडली नाही. ती गोणीपाटाची पिशवी टेबलावर ठेवली, नंबरवर बोट ठेवलं.

"ह्यो माझा नंबर. कुनाच्याबी नजरंला पडावा म्हनून मीच लिवून घेतलावता. कुलूप घराला व्हतं, बाई. मला न्हवतं."