बिजली दारात थांबते

१० नोव्हें. ९५
स्टाफ मीटिंग. प्रिन्सिपॉलनी (यापुढे प्रि.) शाळेचं नवं रंगीत माहितीपत्रक फिरवलं: घोडेस्वारी आणि जंगलात तंबू. नव्या मारुत्या घेतलेले पालक याच पानावर भाळतात म्हणे. मुलगे जाणारच. मुलींबरोबर घोड्यावर बसणारी बाई मिळाली तर मुली, नाहीतर त्यांना भरतकाम. नववीच्या पाचजणी दाराबाहेर कान लावून. स्टाफमध्ये एकीचे गुडघे, एकीला दिवस गेलेले, एकीचा नवरा नको म्हणतो. उरले मी. भूगोल शिकवते, अडतीस, लग्न नाही, सायकलही येत नाही. हात वर केला. का, ते माझं मलाच...

१३ नोव्हें.
घोडेस्वारी खानसाहेब शिकवतात. फौजेतून निवृत्त, सिकंदराबादहून येतात. माझी घोडी बिजली. पांढरी, लठ्ठ, नावाला न जागणारी. "मॅडम, लगाम इत्ता नक्को खींचो. उसको बी जान है." एका बाजूने चढले, दुसऱ्या बाजूने उतरले. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

१५ नोव्हें.
बसता येत नाही. सगळे तास उभ्याने. हैदराबादेत सुलतान बाजारला आई असते, तिला फोन. म्हणाली, "आपल्याकडे घोड्यावर फक्त नवरे बसले, तेही रडकुंडीला येऊन. तू कुठं निघालीस?"

२१ नोव्हें.
बिजली चालली. मैदान, विहीर, मेस. मग प्रि.च्या बंगल्याच्या दारात उभी राहिली ती राहिलीच. टाच मारली, चुचकारलं, पाया पडायची तेवढी राहिले. प्रि. बनियनवर बाहेर आले. गुड मॉर्निंग म्हटलं. शेवटी खानसाहेबांनी ओढत नेली.

१ डिसें.
मुलगे खडकांच्या वाटेने जाऊन आले. नुसत्या फुशारक्या. आम्हाला मात्र गावातला रस्ता. "मुलींसाठी सुरक्षित," इति प्रि.

८ डिसें., तळावर
गाव लागलं. पहिल्याच घराला आंब्याचं तोरण. बिजली दारात थांबली. मागचे पाचही घोडे एकेका दारात जाऊन उभे, खानेसुमारीला आल्यासारखे. हलेनात. खानसाहेबांनी कपाळाला हात लावला: "क्या बोलूं मॅडम, सब बेगम बाजार के बरातवाले से लिए सो घोडे हैं. दरवाजे पे पूजा होना, दाल खाना, तबिच हिलते."
घरातल्या म्हातारीला मात्र बरोबर उमगलं. खुरांवर पाणी, कपाळाला कुंकू, भिजवलेली हरभऱ्याची डाळ. मग वर बघून तेलुगूत, "पेळ्ळिकोडुकु एक्कड?" नवरदेव कुठाय? सगळं गाव माझ्याकडे बघतंय. म्हटलं, "नेने." मीच. म्हातारी हसून हसून पायरीवर बसली. मग उठून मलाही कुंकू लावलं.
दारोदार हेच. तळावर पोचलो तर दिवस मावळलेला, प्रि. जीप घेऊन हजर. "म्हणूनच मुली नकोत म्हणत होतो." घोड्यांचं सांगायला गेलो तर ऐकूनच घेईनात. वर अट: परत त्याच गावातून यायचं, कुठंही न थांबता. ते स्वतः जीपने मागे. जमलं तर पुढच्या वर्षी मुली, नाहीतर कायमचं बंद.

९ डिसें.
काल रात्री मुलींनी तंबू स्वतः ठोकला. तिरका. भात खाली करपला, वर कच्चा. सगळा संपला. सरिता वर्गात कधी तोंड उघडत नाही. आज म्हणाली, "मिस, आप आगे रहते ना, डर नइं लगता." मला आजवर कोणी पुढे हो म्हटलेलं नाही. देवळातसुद्धा आई मागेच उभी करायची. मला हे सुटायला नकोय. पोरींसाठी, आणि चक्क माझ्यासाठीही.

१० डिसें., सकाळ
निघायचंय. खानसाहेबांची युक्ती: घोड्यांना आधीच पोटभर डाळ, म्हणजे दारात हाव नाही. चारली. प्रि. जीपमध्ये बसून घड्याळ बघतायत.
सरिता गावातून दूध घेऊन आत्ताच धापा टाकत आली. गावात म्हणे सडे पडलेत, रांगोळ्या काढल्यात, बायका ताटं घेऊन उभ्या आहेत. म्हातारीने झेंडूचा हार ओवलाय. घोडीसाठी नाही, माझ्यासाठी.
मला अजून कोणी हार घातलेला नाही.
बिजली थांबेल की नाही, तिची ती जाणे. मी थांबणार नाही, हे मात्र मी अगदी छातीठोकपणे सांगू शकत नाही.