वरातीत फुवा घोड्यावर

१२ ऑक्टोबर, रविवार
आज योगराजची सुपारी फुटली. योगराज म्हणजे माझ्या मेव्हण्याचा, वाल्मिकचा, थोरला. म्हणजे मी नवरदेवाचा सख्खा फुवा, आत्याचा नवरा. तीस नोव्हेंबरची तारीख धरली. लग्न इथेच, भेस्तानला. वरातीचा विषय निघाला तेव्हा वाल्मिक साठ माणसांसमोर म्हणाला, "दाजी, तुमना गुडघा दुखस. तुमी रिक्षामा बशीसन मव्हरे हॉलवर जा."
सगळे हसले. उज्ज्वलाही हसली. सख्खी बायको.
लग्नात फुवाला मिळतं काय? एक टोपी, एक टॉवेल. माझ्याकडे आत्ता एकोणीस टॉवेल आहेत. यावेळी मी जेवण सोडून रुसणार नाही. मी करून दाखवणार. योगराजच्या घोडीशेजारी दुसऱ्या घोड्यावर मी. फेट्यासहित. सात आठवडे आहेत, भरपूर झाले. वय सत्तेचाळीस, पण बांधा सैनिकी.

१७ ऑक्टोबर
बोनस झाला. बावीस हजार. पलसाण्याच्या मिलमध्ये फोल्डिंग खात्यात सुपरवायझर असण्याचा हाच काय तो फायदा.
हे पैसे तसे घरघंटीचे. उज्ज्वला साड्यांवर टिकी, म्हणजे चमकत्या टिकल्या, चिकटवते, दिवसाला दोन-तीन साड्या. डोळ्यांतून पाणी गळतं. डॉक्टरांनी हे काम बंद करा म्हणून सांगितलंय. घरघंटी आली की ती सोसायटीचं दळण घेईल आणि टिकीला रामराम करेल, असं आमचं जूनमध्येच ठरलंय. माझा पूर्ण पाठिंबा आहे. फक्त क्रम थोडा बदलतो आहे. आधी घोडा, मग घंटी. घंटी काय पळून जात नाही.
तिला सांगितलं की दिवाळीनंतर नवीन मॉडेल येतंय. ती बरं म्हणाली.

१९ ऑक्टोबर, सकाळ
डुमस रोडच्या रायडिंग क्लबला गेलो. ट्रायल आठशे. घोडा चित्रात दिसतो त्यापेक्षा बराच उंच असतो. हे कोणी आधी सांगत नाही.
स्टूल लावून चढलो. दुसरं स्टूल लावून चढलो. शिकवायला प्रियांका नावाची मुलगी आहे, असेल पंचवीसची. पूर्ण वेळ ती एकच वाक्य म्हणत होती, अंकल आप बस बैठे रहिए. म्हणजे माझी बैठक मुळातच उत्तम आहे. इतरांना ती टाच खाली, पाठ सरळ असं बरंच काही सांगत होती.
मॅनेजरला विचारलं, जमेल ना? तो म्हणाला, फावी जशे काका, म्हणजे जमून जाईल. आठ क्लासचं पॅकेज घेतलं, साडेसात हजार. परत मिळत नाहीत. परत मागणार तरी कोण?

२१ ऑक्टोबर
बूट बत्तीसशे. हेल्मेट एकोणीसशे. बूट घालून आरशासमोर उभा राहिलो. माझ्या पायांत काहीतरी राजेशाही आहे, आजवर चपलेने झाकून ठेवलं होतं.
रायडिंग पँटचे चार हजार सांगतात. लूट आहे. मी कापडातला माणूस. मिलमधला सेकंडचा स्ट्रेच कपडा घेतला, टेलरकडून शिवून घेतली. साडेसहाशेत काम.

२६ ऑक्टोबर
पँट चढतानाच उसवली. कपडा चांगला होता, दोरा खराब.

२ नोव्हेंबर
क्लबमध्ये वजनकाटा आणला आहे. पंच्याऐंशी किलोची मर्यादा. मी एक्क्याण्णव. बूट काढून नव्वद. घड्याळ, पाकीट, किल्ल्या काढून नव्वदच.
मॅनेजर म्हणाला, पैसे परत नाहीत, पण उरलेले क्लास 'ग्राउंड वर्क' करा. म्हणजे घोड्याला खरारा करायचा, खूर साफ करायचे, लगाम धरून त्याला फिरवायचं. मला पटलं. पाया पक्का हवा. आज दीड तास लीद उचलली. बाजूला एक बाई मुलाला सांगत होती की भैयाला बाजूला हो म्हण. तिला अनुभव नसेल.
घरी ओव्हरटाइम होता असं सांगितलं. उज्ज्वलाने शर्ट हुंगला आणि विचारलं, "ओव्हरटाइमले लीद कशी लागस?"
मी म्हणालो, लीद नाही, कापड रंगवायचा नवीन डाय आहे.

५ नोव्हेंबर
क्लब सोडला. तिथे शास्त्र आहे, पण जिव्हाळा नाही.
आपल्या भेस्तानमध्येच धुडकूभाऊ आहेत, शिंदखेड्याचे. दहा वर्षांपासून वरातीला घोडी देतात. पांढरी घोडी, नाव बिजली. सकाळी सहा ते साडेसहा, अडीचशे रुपये. वजनाचं काही नाही. धुडकूभाऊ म्हणाले, हिच्यावर एकशे दहाचे नवरदेव बसलेत, लहान भाच्यासकट.
तीस तारखेचं बुकिंगही करून टाकलं. एकवीसशे ॲडव्हान्स. योगराजची वरात एवढंच सांगितलं, वर कोण बसणार हे मुद्दाम सांगितलं नाही. सरप्राइज राहू दे.

९ नोव्हेंबर
बिजलीवर बसलो. बसलो म्हणजे बसलोच. ती हललीच नाही. धुडकूभाऊ म्हणाले, तिला बँड लागतो. बँडशिवाय तिने आयुष्यात पाऊल टाकलेलं नाही.
मग त्यांनी तोंडाने बँड वाजवला. ती दहा पावलं चालली आणि थांबली. कारण दर दहा पावलांनी लोक नाचायला थांबतात. दोन मिनिटं झाली की आपणच पुढे निघते. मी लगाम ओढला नाही तरी थांबली, यावरून माझा ताबा लक्षात यावा.

११ नोव्हेंबर
ब्लूटूथ स्पीकर, साडेअकराशे. गाजरं आणि गूळ वेगळे. बिजलीला माझा लळा लागला आहे. मला बघून खिंकाळते. घरात असं कोणी करत नाही.

१६ नोव्हेंबर
घरघंटीच्या दुकानदाराचा उज्ज्वलाला फोन आला. नवीन मॉडेल वगैरे काही नाही, जुन्याची ऑफर मात्र संपली, असं त्याने सांगितलं. किती नतद्रष्ट माणूस. उज्ज्वलाने फोन ठेवला. टिकीची साडी घेऊन खिडकीशी बसली आणि एक डोळा मिटून काम करू लागली. मी चहा करून दिला. साखर जरा जास्त घातली.
बावीस हजारांतले साडेतीन उरलेत. लग्न होऊ दे, वाल्मिकची मान खाली जाऊ दे, मग सगळं भरून काढतो. नक्की.

२३ नोव्हेंबर
रंगीत तालीम. मोकळ्या प्लॉटवर स्पीकर लावला, बूट, हेल्मेट, फेटा हेल्मेटवर. बिजली झोकात निघाली. मध्येच गाण्याऐवजी जाहिरात लागली. ती जागच्या जागी थांबली, मी थांबलो नाही.
पडणं हा प्रशिक्षणाचा भाग आहे. फिजिओथेरपी चारशे रुपये एका वेळेला, चार वेळा यायला सांगितलंय. मिलमध्ये उभ्याने काम करतो आहे. साहेबांना वाटलं मी मन लावून काम करतोय.

३० नोव्हेंबर, सकाळी सात
आज. गोळी घेतली. कमरेला पट्टा बांधला. बिजलीला गूळ पाठवला. वाल्मिक, बघच.

१ डिसेंबर, सकाळ
जे झालं ते क्रमाने लिहितो.
काल दुपारी चारला मी धुडकूभाऊंकडे पोचलो. तिथे वाल्मिक उभा. नवरदेवासाठी त्यानेही बिजलीच सांगितली होती. धुडकूभाऊंकडे दुसरी घोडी नाही. एकाच लग्नाचे दोन ॲडव्हान्स आले, तर त्यांना वाटलं एकाच घरचे आहेत, अर्धे-अर्धे भरत असतील.
वाल्मिकने माझे बूट बघितले. मग हेल्मेट. मग विचारलं, "दाजी, कोणी ठोकं का गाडीले?"
मी घोडी सोडली. मोठ्या मनाने सोडली, हे कोणी ऐकायला थांबलं नाही.
योगराज बसला. आत्याने घोडीला भिजवलेली चण्याची डाळ खाऊ घालायची असते. उज्ज्वलाने ताट पुढे केलं. बिजलीने तोंड फिरवलं आणि माझ्या खिशात घातलं. बँड सुरू झाला. बिजली हलेना. ढोल आणले, हलेना. योगराजच्या मित्रांनी मागून ढकललं, हलेना. मी वैतागून हॉलकडे निघालो, तर बिजली माझ्या मागे निघाली. मी थांबलो, ती थांबली.
धुडकूभाऊंनी लगाम माझ्या हातात दिला. अडीच तास. नव्या बुटात. पुढे बँड, मध्ये मी, मागे घोडी, वर योगराज. रिक्षावाला गणपती मंदिरापर्यंत शेजारून चालला होता, बसता का काका म्हणत. मी नाही बसलो.
मांडवाच्या दारात मुलीकडच्या बायकांनी नवरदेवाला ओवाळलं. मुलीची मावशी, प्रमिलाबाई नावाची, माझ्याकडे आली. माझ्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि हातात एकशे एक रुपये ठेवले. म्हणाली, भाऊ, घोडी छान सांभाळली, मागे जेवून घ्या.
मी सांगायला तोंड उघडलं की मी फुवा आहे. तेवढ्यात उज्ज्वलाने हात पुढे केला.
"आना ते माले. घंटीमा टाकसू."
तिला सगळं माहीत होतं. धुडकूभाऊंची बायको आणि ती एकाच शेठची टिकी करतात. बिजलीच्या पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, मला वाटलं तुम्ही आपणहून सांगाल.
मला लाज वाटली. एवढंच लिहितो.

४ डिसेंबर
उज्ज्वलाने काल परस्पर धुडकूभाऊंशी बोलून घेतलं. बिजली आता दुसऱ्या कोणाबरोबर चालत नाही, हा त्यांच्या धंद्याचा प्रश्न झाला होता. लगाम मी धरायचा, एका वरातीचे सहाशे ठरले. पाच हजार तिने आगाऊ घेतले, ते दुकानात भरले, बाकीचे हप्ते. दुपारी घंटी आली. तिने शेठला उरलेल्या साड्या परत केल्या आणि पहिलं दळण घातलं, समोरच्या सरलाबाईंची ज्वारी. घंटीजवळ उभी राहून ती पिठात हात घालून बघत होती, किती वेळ.
पाया पक्का असलेला माणूस लागतो म्हणून मला निवडलं, असं धुडकूभाऊ म्हणाले नाहीत, पण तसंच असणार.
उद्या पहिली वरात. पाचला हजर व्हायचंय. नवरदेव आमच्या मिलचा आहे, माझ्याच खात्यातला हेल्पर.