झाडूच्या आठवड्याची पाटी

सोमवार, ३ जुलै
पोचलो एकदाचा! उल्महून ट्रेन, मग बस, मग चढावर आपलेच दोन पाय. गाव एवढंसं, पण खोली झकास. खिडकीतून नदी दिसते, पलीकडे चुनखडीचा कडा आणि कड्यात अस्वलकोठी. म्हणजे गुहाच. हिमयुगातल्या लोकांनी मॅमथच्या सुळ्यातून कोरलेल्या मूर्ती तिथे सापडतात, अंगठ्याएवढ्या. डॉ. श्टाइम्ले तिथली माती चमच्याचमच्यानं उकरून पिशव्यांत शिवून ठेवतात, आणि ती नदीवर चाळणीत धुवायचं काम माझं. नववीत दोनदा बसलेल्या माणसाकडून विज्ञानाला आणखी काय पाहिजे?

जोडीला रीके आहे. खालच्याच खोलीत राहते, कॉलेजात हेच शिकते. माझं फाइट हे नाव टाकून ती मला माकड म्हणायला लागलीय. डाव्या हाताची करंगळी अर्धी, गुहेच्या लोखंडी फाटकात चेंगरलेली. मी म्हटलं, उरलेली अर्धी शोध की चाळणीत. म्हणाली, "तुझी अक्कल सापडली की मग बघते."

घरमालकीण हेबर्लेबाई. मसूर, शेवया आणि सॉसेज असं पोट फुटेस्तोवर वाढलं. त्यांची मांजर श्नुर्ले, डावा कान फाटका, हिनं मला ओरबाडून स्वागत केलं.

बुधवार, ५ जुलै
डॉक्टरांच्या डोनटातला जाम काढून मस्टर्ड भरलं. त्यांनी सगळा खाल्ला, वर म्हणाले, बेकरीवाला सुधारलाय. पोपटच झाला माझा.

इथे झाडूचा आठवडा भारी कडक. घरी आईनं बोंबलून बोंबलून नाद सोडला होता. इथे लाकडी पाटी ज्याच्या दारावर लटकली त्यानं जिने, अंगण, रस्ता सगळं झाडायचं, आणि आठवडा संपला की पाटी पुढच्या दारावर. हेबर्लेबाई सांगत होत्या, नवरा शेवटच्या दुखण्यात होता तेव्हा त्याच्याच दारावर पाटी आली. उठला, जिना झाडला, मग गेला. हे त्यांनी कौतुकानं सांगितलं!

मी गंमत म्हणून जिना खालून वर झाडून दाखवला. त्यांनी झाडूच हिसकावला. "आतून बाहेर, गाढवा! मागे मागे सरकत. झाडणाऱ्याचे ठसे राहिले तर झाडलंच नाही म्हणायचं."

शनिवार, ८ जुलै
पाटी माझ्या दारावर. आणि आज गावात बिअरचा मांडव!

मग सुचलं. पाटी उचलली आणि नेऊन लटकवली अस्वलकोठीच्या फाटकाला. आत ओरडलो, हिमयुगापासून एकदाही झाडलं नाहीत, लाज वाटते का? आता तुमचा नंबर. रीके हसून हसून खाली बसली.

रविवार, ९ जुलै
अंगण लख्ख! जिनेसुद्धा. हेबर्लेबाईंनी मला चेरीचा केक दिला, म्हणाल्या, वाटलं नव्हतं तू असा निघशील. मी मान खाली घालून खाल्ला. रीके शपथ घेते की तिनं नाही झाडलं. मातीवर झाडूचे फराटे नाहीत. मऊ, गोल ओळी आहेत, केसांच्या जुडग्यानं पुसल्यासारख्या.

फाटकावर पाटी नाही. कोल्ह्यानं नेली असणार.

मंगळवार, ११ जुलै
आता रस्ताही. फरशांमधलं शेवाळ गेलंय, भिंतीवरच्या गोगलगाई गेल्या, वळचणीला रोज कलकलाट करणाऱ्या चिमण्या नाहीत.

दुपारी चाळणीत हस्तिदंताची चिमणी निघाली. डॉक्टर नदीत उभे राहून रडले. मलाही मिठी मारली.

बुधवार, १२ जुलै
श्नुर्ले सापडत नाही. हेबर्लेबाई दुधाची बशी वाजवत गल्लीभर फिरल्या.

आज चाळणीत हस्तिदंताची मांजर आली. डॉक्टर म्हणतात, गुहेतल्या सिंहाचा बछडा. मातीची पिशवी सर्वांत खालच्या थरातली, रीकेनं गेल्या उन्हाळ्यात स्वतः शिवून बंद केलेली. पण डावा कान फाटका आहे. तो कान मी ओळखतो. रीके पण ओळखते. ती आज हसली नाही.

गुरुवार, १३ जुलै
हेबर्लेबाईंना सगळं सांगितलं. आधी थोबाडीत बसली. मग त्या खुर्चीत बसल्या.

म्हणाल्या, ते गुहेतले, आपल्या आधीचे लोक. त्यांच्यानंतर जे जे वर येऊन साचलं, ते सगळं त्यांना केर. चिमणी काय, मांजर काय, आपण काय. त्यांना कोण सांगणार कुठे थांबायचं ते?

मी म्हटलं, पाटी काढून आणतो. म्हणाल्या, दिलेली पाटी काढता येत नाही. ती परत येईल तेव्हा जिथे लटकवलीस तिथेच झाड. नीट झाडलंस तर गेलेलं परत येतं. त्यांच्या आजोबांच्या शेळ्या आल्या होत्या म्हणे.

नीट नाही झाडलं तर? यावर त्या भांडी घासायला गेल्या.

गावभर कळलंय; बेकरीत मला पाव दिला नाही. मुद्दाम.

शुक्रवार, १४ जुलै
रीके नाही.

खोली चकाचक. चादरीला सुरकुती नाही, उशीवर केस नाही. डॉक्टर म्हणतात घरी गेली असेल, आजकालची मुलं. तिचे बूट इथे आहेत!

आजची मातीची पिशवी मी उघडणार नव्हतो. डॉक्टरांनी उघडली. बाईची मूर्ती. डोकं नाही, त्या जागी दोरा ओवायची कडी. हात पोटावर. डाव्या हाताची करंगळी अर्धी. डॉक्टर म्हणाले, तुटलीय.

तुटलेली नाहीये.

शनिवार, १५ जुलै, सकाळ
पाटी माझ्या दारावर. आतल्या बाजूनं. दार रात्रभर बंद होतं. लाकूड राहिलं नाही, हाडासारखं झालंय, गार.

हेबर्लेबाई जिन्यात उभ्या होत्या. म्हणाल्या, माझ्या दारावर लाव आणि पळ, मी म्हातारी आहे. क्षणभर — खरंच क्षणभर — हात पुढे गेला होता.

नाही. पाटी काखेत मारली, झाडू घेतला. डॉक्टरांच्या पेटीतून तिन्ही मूर्ती उचलल्या.

दुपार, गुहेत
मूर्ती बाहेर उंबऱ्याच्या दगडावर उन्हात ठेवल्यात. आत गच्च अंधार. तिकडे जायची हिंमत होईना म्हणून उजेडापासून सुरुवात केली. झाडतोय. ठसे पुसत, पाठमोरा थोडं थोडं आत सरकतोय.

बाहेर चिमणी ओरडली! एकच, पण खरी.

—
श्नुर्ले शिंकली. देवा. काम होतंय. अजून जोरात.

—
रीके! रीकेचा आवाज! म्हणतेय, फाइट, तू आत काय करतोयस मूर्खा, मला इतकी थंडी का वाजतेय. फाइट म्हणतेय मला. नेहमी माकड म्हणते.

संपलं. शेवटच्या कोपऱ्यात आलोय. पाठीला दगड. समोर फाटकापर्यंत सगळी जमीन साफ, एक ठसा नाही —

आतून बाहेर, गाढवा.

आतून बाहेर —

एक पाऊल टाकलं. तिची हाक मध्येच तुटली. पाऊल मागे घेतलं, ठसा पुसला. हाक परत आली. पुन्हा करून बघितलं. पुन्हा तुटली. आता नाही करणार.

ती फाटक हलवतेय. ओरडून सांगितलं, येऊ नकोस, घरी जा, ठसा पडेल. म्हणते, ही पण तुझी थट्टा ना?

हो म्हटलं.

पाटी इथेच ठेवतो, माझ्याजवळ. पुढच्या दारावर नाही.

फक्त माझ्या पायाखालचे दोन ठसे राहिलेत. झाडू मी धरलेला नाही, तरी कुणीतरी झाडतंय — मऊ आहे, केसांसारखा — पायाची बोटं आधी गार पडतात — रीके गेली का बघ — आता टाचा —