बेल न वाजवता

१० ऑक्टोबर, शुक्रवार

आली एकदाची! टोवेरा म्सिस्का. मलावीतलं जे आमचं जोडीचं चर्च आहे, तिथल्या महिला मंडळाची अध्यक्षा. इतकी वर्षं माणसं जायची ती इकडूनच तिकडे — शाळेला रंग द्यायला, विहिरीपाशी फोटो काढायला. तिकडून कोणी आमच्या या समुद्रकाठच्या थंड गावात येऊन राहायची ही पहिलीच वेळ. आणि राहणार माझ्याकडे! नेटी म्हणाली, "तीन आठवडे? अगं इशबेल, तुझा सख्खा भाऊ तुझ्याकडे दोन दिवस टिकत नाही." नेटी आमच्या मंडळाची चिटणीस आहे, तिच्या जिभेला मीच एकटी पुरून उरते.

टोवेराला माझ्या नवऱ्याची, रॉबर्टची खोली दिली. तो गेल्यापासून ती बंदच होती. रस्त्याकडची खिडकी, उजेड चांगला. अंथरुणात गरम पाण्याची पिशवी ठेवली तर तिला वाटलं काहीतरी सांडलंय. दोघी हसलो.

ती मला ताई म्हणते. अवघडल्यासारखं झालं.

१२ ऑक्टोबर, रविवार

उपासनेला चांगली गर्दी. म्हणजे आमच्या मानाने. सगळे नेहमीप्रमाणे मागच्या बाकांवर, पुढे मोकळं रान. टोवेरा पुलपिटावर, प्रवचनाच्या ओट्यावर, चढलीच नाही, सरळ मागे गेली आणि तिथूनच बोलली! पळून जायला कोणाला जागाच राहिली नाही.

चहाच्या वेळी तिने पाळकबाईंना — आमच्या कत्रियोनाबाईंना — विचारलं, गावात आजारी कोण आहे, कोणाच्या घरी माणूस गेलंय, मला तिथे आधी घेऊन चला. पाळकबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी कार्यक्रमपत्रिकेकडे. तिच्यात दीपगृह होतं, मासे धुरी देऊन सुकवायचा कारखाना होता, किल्ला होता. आजारी कोणी नव्हतं. मी तिला सांगितलं, आमच्याकडे असं न सांगता जात नाहीत, आधी फोन करून विचारतात. "आणि ते काय म्हणतात?" "बहुतेक नको म्हणतात."

१५ ऑक्टोबर, बुधवार

आज तिने मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा घोटला. मी दोनदा घेतला. पातेलं अजून भिजतंय!

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

दुपारी तिच्या भाच्याचा फोन आला. तिची थोरली बहीण गेली, सेकानी. आई लवकर वारली, हिनेच टोवेराला वाढवलं. तब्येत बरी नव्हती, पण असं होईल असं कोणाला वाटलं नव्हतं. उद्याच पुरणार. इथून तिथे पोचायचं तर दोन विमानं आणि वर बसचा अख्खा दिवस — शक्यच नाही.

टोवेरा स्वयंपाकघरात जमिनीवर बसली आणि मोठ्याने रडायला लागली. असं रडणं मी या घरात कधी ऐकलं नव्हतं. तिला हाताला धरून वर खोलीत नेलं, शाल दिली, चहा ठेवला. मग दार हळूच ओढून घेतलं.

खाली येऊन सगळे फोन केले. किल्ला रद्द, कारखाना रद्द. मंडळातल्या सगळ्याजणींना बजावलं — कोणी येऊ नका, तिला एकटं राहू द्या. पाळकबाईही म्हणाल्या, बरोबर आहे. रॉबर्ट गेला तेव्हा आठवडाभर कोणी माझ्या दाराची बेल वाजवली नव्हती. सगळ्यांनी मला किती सांभाळलं! तसंच हिलाही सांभाळायचं.

१८ ऑक्टोबर, शनिवार

आमचं गाव खरंच चांगलं आहे. सकाळपासून पायरीवर काही ना काही येतंय. मसुरीचं सूप, गोडसर स्कोन-पाव, खिमा-बटाट्याचं भांडं. सगळे पाय न वाजवता येतात, ठेवतात, जातात. नेटीने तर गाडी कोपऱ्यावरच उभी केली, आवाज नको म्हणून. मी मोजेच घालून फिरतेय. रेडिओ बंद.

ताट वर दाराबाहेर ठेवते. तसंच परत येतं.

१९ ऑक्टोबर, रविवार

चर्चमध्ये तिच्यासाठी प्रार्थना झाली. फार सुंदर झाली. ती अर्थात घरी होती.

२० ऑक्टोबर, सोमवार

कसं लिहू. लिहायलाच हवं.

सकाळी ती खाली आली. मंडळाचा गणवेश घालून, पांढरा झगा, डोक्याला लाल फडका. बॅग भरलेली. मला वाटलं फिरायला जायचं असेल. ती समोर उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, माझं काय चुकलं ते सांगा. मी माफी मागते आणि जाते."

मी म्हटलं, तुमचं? तुमचं काय चुकणार?

"मी तीन दिवस खिडकीत बसलेय. गावातल्या बायका दारापर्यंत येतात. अन्न ठेवतात आणि पळतात. आत कोणी येत नाही. तुम्हीही येत नाही. आमच्याकडे असं फक्त एकाच माणसाला करतात, ज्याने कोणाला मारून टाकलंय त्याला."

मी समजावून सांगितलं. की हा आमचा मान आहे, दुःखात माणसाला मोकळं सोडायचं, त्याच्या तोंडाकडे बघायचं नाही. सांगताना माझं मलाच ते कसंतरी वाटायला लागलं. तिच्या गावी कोणी वारलं की सगळं गाव येतं, अंगणात चटया पडतात, बायका रात्रंदिवस बसून राहतात, गातात. एकटं कोणाला सोडतच नाहीत. ती म्हणाली, "सेकानीपाशी सगळे असतील. माझ्यापाशी कोणी नव्हतं."

मग तिने विचारलं, "तुमचे मालक गेले तेव्हा तुमच्यापाशी कोण बसलं होतं?"

मी म्हटलं, कोणी नाही. सूप ठेवलं होतं सगळ्यांनी.

तिने माझा हात धरला. आणि मी — मी हात सोडवून घेतला आणि चहाचं आधण ठेवायला उठले! कोणाला चहा हवा होता?

२१ ऑक्टोबर, मंगळवार

ती गेली नाही. पाळकबाई स्वतः आल्या, तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या, त्यांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं असूनही. निघताना मला म्हणाल्या, आपलं फार चुकलं हो. हो, पण बायकांना येऊ नका म्हणून सांगितलं ते मी.

२२ ऑक्टोबर, बुधवार

आज बायकांना बोलावलं. बसायला. सगळ्या आल्या, कोट न काढता बसल्या. नेटीने विणकाम आणलं होतं. बसायचं म्हणजे काय करायचं हे कोणालाच ठाऊक नाही! धुक्याविषयी बोलणं झालं. बंदरावरच्या नव्या दिव्यांविषयी झालं. मग कोणीतरी भांडी घासायला उठलं आणि तिच्यामागे सगळ्याच उठल्या, स्वयंपाकघरात उभं राहायला जागा नाही आणि बैठकीत टोवेरा एकटी. एकटी नेटी तेवढी परत आत गेली. विणता विणता तिने विचारलं, "तुमची बहीण दिसायला कशी होती?" टोवेरा बोलायला लागली. मी दाराशी हातात फडकं घेऊन उभी राहिले, आत गेले नाही. का नाही गेले?

निघताना टोवेराने एकेकीचे आभार मानले. फार रीतीने. त्यापेक्षा रागावली असती तर बरं झालं असतं.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

गेली. उरलेले दिवस तसे नीट गेले, किल्लाही झाला. विमानतळावर तिने मला मिठी मारली, बराच वेळ सोडलं नाही. मी काठीसारखी उभी. तिला खूप काही सांगायचं ठरवून गेले होते. तोंडातून निघालं काय, तर "स्वेटर हातातच ठेवा, विमानात गार असतं."

तिची खोली आवरली. चादरी काढल्या नाहीत अजून.

१६ नोव्हेंबर, रविवार

दोन्ही चर्चच्या नात्याची मुदत वर्षअखेर संपते. पुढे चालू ठेवायचं तर दोन्हीकडून होकार लागतो. आपला होकार कधीच गेला. तिकडून अजून काही नाही. चर्चच्या वडीलमंडळाच्या सभेत कोणीतरी म्हणालं, त्यांच्याकडे पावसाळा आहे, पोस्ट उशिरा येत असेल. ईमेलला कसला पावसाळा! त्यांच्या बायांना टोवेरा काय सांगेल? खरं तेच सांगेल. आणि ते ऐकून कोण हो म्हणेल?

२३ नोव्हेंबर, रविवार

काही नाही. नेटी म्हणते, आपण त्यांना विहिरी दिल्या, त्यांनी मागितलं काय, तर शेजारी बसायला एक माणूस! ते तेवढं जमलं नाही. आज तिच्याशी भांडावंसंही वाटलं नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

तिचा नंबर काढला. पाच वेळा. लावला नाही. घरात माणसं असतील, त्रास कशाला, असं मनात आलं. बघा! पुन्हा तेच.

११ डिसेंबर, गुरुवार

पाळकबाईंचा फोन. तिकडून होकार आला! आणि मार्चमध्ये टोवेरा पुन्हा येतेय, बरोबर मंडळातल्या आणखी दोघी. त्यांनी कळवलंय, भाषण नको, किल्ला नको, काही ठेवू नका. पाळकबाईंनी विचारलं, मग येताय कशासाठी? तर म्हणे, तुमच्या गावात एक घर आहे, तिथला माणूस जाऊन तीन वर्षं झाली आणि त्याच्या बायकोपाशी अजून कोणी बसलेलं नाही. आम्ही तिच्यापाशी बसायला येतोय.

एवढ्या लांबून उगीच त्रास, नको म्हणून कळवा, असं सांगायला तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. फोनवर, पाळकबाईंच्या कानात! रॉबर्टला पुरलं त्या दिवशीही आलं नव्हतं.