नोंद बंद करणे

१ डिसेंबर २०२५, सोमवार. महाड.

आले बाई एकदाची! आईचं डोंबिवलीपासून एकच पालुपद, कुठे त्या आडगावात निघालीस. इथे मला स्वतःचं टेबल आहे आणि खोलीवर पाणी दिवसभर. तिला काय कळणार?

ऑफिस तीन माणसांचं. मालक अश्वजित सर, पोलादपूरहून येणारी उज्वला आणि मी. चौथा बाबू, तो संगणकातला एजंट. स्वतःच वेबसाइट उघडतो, फॉर्म भरतो, फोनसुद्धा करतो. निराधारांची पेन्शन घेणारे म्हातारे हयात आहेत ना, हे तो वर्षातून एकदा तपासतो. त्याच्या हाताशी चौदा साधनं दिलीत आणि प्रत्येकाचं वर्णन मी लिहायचं: हे काय करतं, कधी वापरायचं, कधी वापरायचं नाही. बाबू पक्का सांगकाम्या. लिहाल तेवढंच करतो.

३ डिसेंबर, बुधवार.

आज हसून पुरेवाट. ‘अर्ज पाठवणे’च्या वर्णनात ‘एकदाच’ लिहायचं राहिलं, तर पठ्ठ्याने तुडीलच्या एका आजोबांचा अर्ज नव्वद वेळा पाठवला. सर म्हणाले, वर्णन म्हणजे नव्या सुनेला घर दाखवणं, कुठल्या डब्यात काय ते सगळं सांगावं लागतं. मला जमतंय. तेरा झाली.

५ डिसेंबर, शुक्रवार.

शेवटचं, ‘नोंद बंद करणे’. लिहिलं: “माणूस हयात नसल्यास वापरा. तीनदा फोन करून उत्तर न आल्यास हयात नाही असे समजा.” ‘कधी वापरायचं नाही’ ही ओळ कोरी ठेवली, कारण घरी जायला चारची एसटी धरायची होती.

उज्वलाने हटकलं. म्हणाली, वर कुडपणच्या वाडीत सगळ्यांच्या फॉर्मवर एकच नंबर असतो, भिकाजींचा. ते बाजाराला खाली उतरले की रेंज येते, मग वर जाऊन घरोघर निरोप सांगतात. ते लिही. म्हटलं, सोमवारी लिहिते, जग बुडत नाही.

८ डिसेंबर, सोमवार.

बाबूने सुट्टीत एक्केचाळीस नोंदी बंद केल्या. सगळ्या कुडपणच्या. शेरा एकच: मयत. नंबरही सगळीकडे एकच.

सर खूश, एवढं काम दोन दिवसांत उरकलं म्हणून. पेढे आणले, वर कर्मचाऱ्यांची यादीही तशीच तपासायला बाबूकडे सोपवली. बंद नोंद उघडायची तर चूक कोणाची ते लिहून सही द्यावी लागते. माझी नोकरी अजून तीन महिने कच्ची आहे. उज्वलाने विचारलं, ती ओळ लिहिलीस ना? हो म्हटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

१० डिसेंबर, बुधवार.

एक म्हातारी आली, ठकूबाई, कुडपणची. डोंगर उतरून, एसटी करून. माझ्याच टेबलासमोर येऊन म्हणाली, “मी हाय गो. बघ, हाय ना मी?”

तिचं नाव त्या एक्केचाळिसांत होतं. पुढच्या आठवड्यात या म्हटलं. ती बाकावर बसून राहिली. सांगत होती, कंडक्टरने तिकीट विचारलं नाय, सूनही परवापासून ताट वाढत नाय. मला राग आला. माझ्यामागे काय कटकट! टाळायला माझा नंबर दिला, भिकाजींच्या फोनवरून करा म्हटलं.

तेवढ्यात उज्वला जेवून आली आणि तिने आपली पिशवी म्हातारीच्या मांडीवर ठेवली. पिशवी मांडीतून आरपार जाऊन खाली बाकाला टेकली. उज्वलाने विचारलं, कोणाशी बोलत होतीस?

११ डिसेंबर, गुरुवार.

ऊन असेल. जेवले नव्हते म्हणून असेल.

ती बाकावरच आहे. सरांना बाक दाखवला, ते म्हणाले, पुसून घे. कॅमेऱ्यासमोर तिला उभं केलं. बाबूने लिहिलं: चेहरा आढळला नाही. ती माझ्याकडे बघून हसली, लाजल्यासारखी. म्हणाली, फोटू नीट काडला नाय तू.

सहीचा कागद टेबलावर होता. एक सही. फक्त एक. मी तो खणात टाकला. भीती नोकरीची होती, खोटं कशाला लिहू.

१२ डिसेंबर.

भिकाजींच्या नंबरवरून फोन. पहिला आवाज बाईचा, मी हाय. मग एक पुरुष, मी हाय. मग आणखी एक. मोजत गेले, एकोणचाळीस, चाळीस— शेवटचे भिकाजी स्वतः.

पुन्हा वाजला. पुन्हा. फोन बंद केला. आता बंदच राहू दे.

१५ डिसेंबर.

शनिवार-रविवार खोलीतच. आज ऑफिसात सगळे— भिंतीला टेकून, एक्केचाळीस. कोणी भांडत नाही. भांडले असते तर बरं झालं असतं.

उज्वला मला नमस्कार म्हणाली नाही. सर माझ्या खुर्चीत बॅग ठेवून—

पडद्यावर कर्मचाऱ्यांची यादी. बाबूने मला फोन केले होते. शनिवारी एक. रविवारी दोन. माझा बंद होता.

माझ्या नावापुढे—

१५, दुपार.

खणातला कागद काढला. सही केली, चूक माझी असं मोठ्या अक्षरात लिहिलं. सरांपुढे धरला. त्यांचं कागदातून आरपार बघत उज्वलाशी बोलणं चालू— ओरडले. सर! उज्वला! कळफलक दाबते, अक्षर उमटत नाही. ही वही तेवढी उमटतेय. कोण वाचणार?

फोन चालू करून आईला लावला. ती उचलते. हॅलो हॅलो करून ठेवते.

१५ —

बाकावर ठकूबाईने सरकून जागा दिली. माझा हात हातात घेतला. गार नाही, ऊबदार आहे, देवा, चांगला ऊबदार आहे. बाकीचे जवळ आलेत, ऐकायला. ती विचारतेय, “माजं काम कदी हुईल गो?”

सगळे माझ्याकडे बघतायत. सांगायला हवं. सांगते. ठकूआजी, तुमचं काम मीच—